हातमोजा आला कोणासाठी?

कल्याणहून कर्जतची लोकल धरली की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. इथल्या कुठल्याही मेडिकलमध्ये शंभर ग्लोव्ह्जचा बॉक्स सहज मिळतो. सिस्टरच्या हातात ग्लोव्ह्ज दिसले की पेशंटच्या नातेवाइकांना हायसं वाटतं. आपल्या माणसाची काळजी घेतली जातेय, असा त्याचा अर्थ आपण लावतो. पण रबराचा हा मोजा शस्त्रक्रियेच्या खोलीत आला तो पेशंटसाठी नव्हे, एका नर्सचे हात वाचावेत म्हणून. आणि तिचे हात खराब केले होते ते हात धुण्यानेच.

म्हणून ही कथा आधी हात धुण्याची आहे. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांकडे, दुसरा सुइणींकडे. पहिल्या विभागात बाळंतज्वराने बायका कितीतरी जास्त मरत. 1847 मध्ये तिथल्या इग्नाझ सेमेलवाइसचा मित्र शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून दगावला. त्याच्या शरीरात दिसल्या त्या खुणा बाळंतिणींच्याच. शवागारातून थेट प्रसूतिगृहात जाणारे हातच रोग नेतात, हे सेमेलवाइसने ताडलं आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठराच्या वर असलेले मृत्यू काही महिन्यांत दोनाच्या आसपास आले. तरीही ज्येष्ठांनी त्याला मोडीत काढलं. डॉक्टरचा हात मृत्यू आणतो, हे कोण मान्य करणार!

13 ऑगस्ट 1865 रोजी सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारला. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली होती; त्याचा तो पहिला यशस्वी प्रयोग ठरला. त्याच वर्षी 31 मार्चला आपल्या कल्याणात एक मुलगी जन्मली होती. तीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि डॉक्टर होण्याचा ध्यास तिने तिथून घेतला. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती पदवीधर झाली. प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच. जखमेतले जंतू मारण्याचा लिस्टरचा विचार तोवर अमेरिकेत पोचला होता, पण शस्त्रक्रियेत हात असत ते उघडेच.

आनंदीबाई फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात वारल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, फिलाडेल्फियाहून दीडेकशे किलोमीटरवरच्या बाल्टिमोरमध्ये ग्लोव्ह्ज आले. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या सर्जनचा हात धुण्याचा विधी कडक होता. आधी साबण, मग पोटॅशियम परमँगनेट, मग ऑक्झॅलिक ॲसिड, शेवटी पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण. त्याच्या ऑपरेशन थिएटरमधली, म्हणजे ओटीतली, नर्स कॅरोलिन हॅम्पटन हिच्या हातांची या पाऱ्याने सालटी निघू लागली. हॉलस्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून मनगटाच्या वरपर्यंत येणारे पातळ मोजे करवून घेतले. ते इतके सोयीचे निघाले की इतर मदतनीसही घालू लागले. 1890 मध्ये हॉलस्टेड आणि कॅरोलिन यांचं लग्न झालं.

खरी गंमत पुढे आहे. सर्जन स्वतः मात्र बरीच वर्षं ग्लोव्ह्ज नेमाने घालत नव्हते. हॉलस्टेडचा शिष्य जोसेफ ब्लडगुड याने हर्नियाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत ते घातले आणि 1899 मध्ये हिशेब मांडला. जखमा पिकण्याचं प्रमाण शेकडा 17 वरून दोनाच्याही खाली उतरलं होतं. हाताच्या रक्षणासाठी आलेली वस्तू पेशंटचंही रक्षण करते, हे तेव्हा आकड्यांत दिसलं. इतकं उघड असून आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं पुढे हॉलस्टेडलाच नवल वाटलं.

एकदा वापरून टाकायचे ग्लोव्ह्ज 1960 च्या दशकात आले. आपल्याकडे मात्र पुढेही कित्येक वर्षं तेच ग्लोव्ह्ज धुऊन वापरले जात. रुग्णालयातल्या मावशी एकेक मोजा साबणाने धुवायच्या, फुंकून हवा भरून, पाण्यात बुडवून भोक पडलंय का बघायच्या, दोरीवर वाळत घालायच्या. मग पावडर लावून नंबरानुसार जोड्या जुळवायच्या आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला पाठवायच्या. भोक पडलेला मोजा बाद.

मग एड्स आला. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 ची, चेन्नईची. कुणाच्या रक्तात काय आहे हे दिसत नाही, म्हणून प्रत्येकाचं रक्त धोक्याचं धरायचं, असा दंडक पडला आणि ग्लोव्ह्ज ओटीतून वॉर्डात उतरले. उतरले ते पुन्हा भीतीपोटी, स्वतःसाठी.

आजही गडबड होते ती याच जागी. स्वतःसाठी घातलेला मोजा पेशंट बदलला तरी बदलावासा वाटत नाही. एकाचं ड्रेसिंग, दुसऱ्याची सलाईन, मध्येच फोन, सगळं त्याच मोज्यांनी. जंतू मोज्यालाही तसेच चिकटतात जसे कातडीला. मोज्याला न दिसणारी छिद्रं असू शकतात आणि काढताना हात माखतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा, की घालण्याआधी आणि काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद किंवा हँडरबने 20 ते 30 सेकंद. वापरलेला मोजा लाल पिशवीत.

पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकाने बघायचं ते एवढंच: शेजारच्या खाटेवरून आपल्या माणसाकडे येताना सिस्टरने मोजे काढले का, हातावर हँडरब घेतलं का. नसेल, तर "सिस्टर, हात घेता का जरा धुऊन?" असं विचारायला संकोच नको. सेमेलवाइसला हे विचारल्याबद्दल लोकांनी दूर केलं. आता ते विचारणं पेशंटचा हक्क आहे.