जखमेचा हिशेब

अफझलखानाच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या जखमी झालेल्या लोकांना 200, 100, 50 किंवा 25 होन मिळाले, असे सभासद बखर सांगते. रक्कम ठरली ती जखम पाहून. जे पडले त्यांच्या मुलांचे पालन सरकारने करायचे, मुलगा नसेल तर बायकोला अर्धा पगार चालू ठेवायचा. म्हणजे नुसती यादी पुरेशी नव्हती. कोणीतरी पट्टी सोडून घाव बघत होते.

पुढे मराठा सरदार पवार माळव्यात उतरले. धारला एक गादी झाली, देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. 1818 मध्ये होळकरांशी मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांनी इंदूरजवळ महूला छावणी वसवली. तेव्हापासून या टापूतले फौजी जग महूभोवती फिरू लागले. सरसेनापती किचनेर यांच्या फेररचनेत हिंदी लष्कराची पाचवी डिव्हिजन महूची होती आणि सहावी पुण्याची.

या पुण्याच्या डिव्हिजनने पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया गाठले. तीत मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनची लढाई झाली आणि जखमींना बोटींत व पडावांत घालून बसऱ्याकडे धाडण्यात आले. जखमींची स्थिती समाधानकारक आहे, असे सरकारी तारेत म्हटले होते. बसऱ्याला इस्पितळ-जहाजावर असलेले मेजर कार्टर हे डॉक्टर मात्र ‘मेजिदिया’ बोट जवळ येताना बघत होते. बोटीच्या कडांवरून दोर लोंबत आहेत असे त्यांना वाटले. बोट जवळ आली तेव्हा कळले, ती वाळलेली विष्ठा होती. डेकवर दाटीवाटीने पडलेल्या, हगवणीने खंगलेल्या माणसांना जागचे हलताही येत नव्हते. कार्टर यांनी हे लेखी कळवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना अटकेचा आणि इस्पितळ-जहाज काढून घेण्याचा दम भरला.

दम भरून प्रकरण मिटले नाही. 1916 मध्ये आधी हिंदुस्थान सरकारने व्हिन्सेंट-बिंग्ले समिती नेमली, मग लंडनने लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कार्टर यांची साक्ष झाली. जून 1917 मध्ये अहवाल छापून आला आणि जुलैत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पण शिपायांच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट 1918 मध्ये घडली. तोवर हिंदी शिपाई आजारी पडला की आपले अंथरूण घेऊन पलटणीच्या छोट्या रुग्णालयात जाई. आता छावण्यांमध्ये स्टेशन हॉस्पिटले सुरू झाली. चौकशीने धोरण बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण हिंदी लष्कराच्या इतिहासात विरळाच.

हे झाले नोकरीतल्या जवानांचे. नोकरी संपलेल्यांना वाट पाहावी लागली, तीही पंचाऐंशी वर्षे. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची, पॉलिक्लिनिकमध्ये तपासून घ्यायचे, गरज पडल्यास यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचे. आरंभी 227 पॉलिक्लिनिक मंजूर झाली. ती पुरेनात, म्हणून 2010 मध्ये आणखी 199 ना मंजुरी मिळाली. धार-देवासकडच्या निवृत्त जवानाला मात्र लष्करी रुग्णालय म्हटले की आजही महूच आठवते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसचा तो प्रवास सोपा नाही.

2015 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेचे कामगिरी-लेखापरीक्षण संसदेपुढे ठेवले. औषधांचा तुटवडा आणि रुग्णालयांच्या बिलांची रखडपट्टी त्यात नोंदली गेली. बिले थकली की रुग्णालये हात आखडता घेतात, हा अनुभव माजी सैनिकांना नवा नव्हता. तो सरकारी कागदावर आला, हे नवे होते. मे 2021 मध्ये ‘सेहत’ ही दूर-सल्ल्याची सेवा सुरू झाली आणि माजी सैनिकांना घरबसल्या डॉक्टरशी बोलता येऊ लागले. पण महालेखापरीक्षकांच्या त्या तपासणीत मोजमाप होते ते मुख्यतः खर्चाचे, औषधसाठ्याचे आणि बिलांचे. एखाद्या निवृत्त सुभेदारसाहेबांची रक्तातली साखर वर्षभरात आटोक्यात आली की नाही, हा रकाना अशा अहवालांत सहसा सापडत नाही.