घरधनी आणि गुत्तेदार

मुंबई-पुण्याकडे ज्यास कंत्राटदार म्हणतात, त्यास मराठवाड्यात गुत्तेदार म्हणण्याचा प्रघात आहे. हिमायतनगरास, म्हणजे जुन्या वाढोण्यास, कोणी घर बांधावयास वा दुरुस्त करावयास काढले की गावात प्रथम विचारपूस होते ती चांगल्या गुत्तेदाराची. परंतु नवी खोली चढविताना जुनी भिंत तडकली, किंवा नळ बसविताना फरशी फुटून घरभर ओल शिरली, तर ती भरपाई कोणी करावयाची? श्रोतेहो, हा प्रश्न आजकालचा नाही. मनुष्य मोल देऊन दुसऱ्याकडून घर बांधवू लागला, तेव्हापासून तो त्याच्या मागे लागलेला आहे.

बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा शिलास्तंभ १९०१-०२ साली सुसा येथील उत्खननात सापडला. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात घर पडून धनी मेल्यास बांधणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. ती कठोरता आज कोणास रुचणार नाही. तथापि त्याच लेखात असेही म्हटले आहे की, पडलेल्या घरात जी चीजवस्तू नष्ट झाली ती बांधणाऱ्याने भरून द्यावी, आणि घर स्वखर्चाने पुन्हा उभारावे. न्यायाचे बीज या दुसऱ्या कलमात आहे.

आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात कारागिरांविषयी नियम घातले. कामाचे स्थळ, काळ व स्वरूप आधी ठरलेले असावे. मुदत टळल्यास वेतनाचा चतुर्थांश कापावा व त्याच्या दुप्पट दंड करावा. आणि सांगितले त्याहून निराळेच काम केल्यास वेतन तर बुडावेच, शिवाय त्याच्या दुप्पट दंड व्हावा. वस्तू नष्ट झाल्यास कारागिराने ती भरून द्यावी, मात्र आकस्मिक आपत्ती त्यातून वगळावी, असेही तो सांगतो.

याज्ञवल्क्यानेही माल वाहणाऱ्या हमालाच्या बाबतीत हाच विवेक केला आहे. राजामुळे अथवा दैवामुळे माल गेला तर हमाल निर्दोष; एरवी त्याने भरपाई द्यावी. या स्मृतीवरील विख्यात मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६-११२६) कल्याणीस लिहिली. ते कल्याण म्हणजे लातूरच्या शेजारील बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. हा विचार अशा रीतीने आपल्या अंगणातलाच आहे.

इंग्रजी अमलात १८७२ साली कराराचा कायदा झाला. त्याच्या त्र्याहत्तराव्या कलमाखाली दिलेली उदाहरणे घरधन्याने मुद्दाम वाचावीत. आगाऊ पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे दुरुस्ती न करणाऱ्याकडून, ती ठरल्याप्रमाणे करून घेण्यास लागणारा खर्च वसूल होतो, असे त्यांतील एक आहे. दुसऱ्यात, वाईट बांधकामामुळे घर पडले तर पुनर्बांधणीचा खर्च व बुडालेले भाडेही द्यावे लागते. मात्र हैदराबाद संस्थानास हा कायदा लागू नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राज्य संपले, आणि १९५१ साली हा कायदा मराठवाड्यापर्यंत पोहोचला.

पुढे १९९३ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे झाले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड धाबी निजलेल्या माणसांवर कोसळली. भूकंप हे दैवच खरे. परंतु भिंतीत आरपार जाणारे बांधदगड नव्हते आणि छपराचा भार अतोनात होता, हे जाणकारांनी दाखवून दिले. जे पूर्वी ठाऊक नव्हते त्याचा दोष कोणास देता येत नाही. पण जे आता ठाऊक आहे ते न करणे यास दैव म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी घरबांधणीचा समावेश १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवा' या संज्ञेत झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात गृहबांधणी ही सेवाच असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ च्या नव्या कायद्यानुसार तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. हिमायतनगरच्या रहिवाशास त्यासाठी गुत्तेदाराच्या गावी खेपा घालण्याचे कारण नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

या सर्व इतिहासातून घरधन्याने काय घ्यावे? कौटिल्याने सांगितलेले स्थळ, काळ व काम कागदावर उतरवावे. पैसे कामाच्या टप्प्यांनी द्यावेत व शेवटचा हप्ता काम तपासल्यावाचून देऊ नये. नुकसान दिसताच छायाचित्रे काढावी, त्रयस्थ जाणकाराकडून खर्चाचा अंदाज घ्यावा आणि गुत्तेदारास लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी. ओल पसरत असता स्वस्थ बसू नये. टाळता आला असता तो तोटा न्यायालय दुसऱ्याच्या माथी मारीत नाही.

आणखी एक गोष्ट. भिंत फुटली की घरधन्याचा राग बहुधा ज्याच्या हाती पहार असते त्या रोजंदारीच्या मजुरावर निघतो, आणि पुष्कळदा गुत्तेदारही त्याचीच मजुरी कापून मोकळा होतो. सबंध कामाचा मोबदला ज्याने पत्करला, त्याने सबंध कामाची जोखीमही पत्करलेली असते. घरधन्याने आपला हक्क जरूर मागावा. पण तो गुत्तेदाराकडे मागावा, मजुराच्या भाकरीतून नव्हे.