सासूबाईंची वही आणि डाएटचा कागद



गेल्या चैत्रात ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. साखर काठावर, ट्रायग्लिसराइड वाढलेले, कोलेस्टेरॉलही वाढलेलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक छापील कागद हातात ठेवला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, भिजवलेले दोन अंजीर, गाजर-बीटचा रस, मोड आलेले मूग, आणि रात्री साडेआठला हलकं जेवण. घरी येऊन मी पेन्सिल घेतली. मध खोडला. अंजीर उदुंबरात येतं, ते खोडलं. गाजर, बीट खोडलं. चातुर्मास तोंडावर होता म्हणून मोडही खोडले. साडेआठचं जेवण तर आपल्याकडे नसतंच. कागदावर उरलं लिंबू आणि कोमट पाणी.

बेचाळीस वर्षं मी या घरचा किराणा भरते आहे. तरी त्या दिवशी मोठ्या दुकानात ‘आरोग्याचा’ किराणा आणायला गेले आणि अगदी नवशिकी झाले. तासभर पुडे उलटेपालटे करून हिंगाची डबी आणि मीठ घेऊन परत आले. मग माळ्यावरची सासूबाईंची वही काढली.

सासूबाई सातवी शिकलेल्या, पण हिशोब पक्का. १९६६ पासून दर महिन्याची यादी, वजन आणि भाव लिहिलेले. मी लग्न होऊन आल्यावर वही माझ्याकडे आली. मी बी.कॉम. झालेली, म्हणून मी त्यात रकाने आखले, वार्षिक बेरजा घातल्या. त्यामुळे आमच्या घरात काय शिजलं याचा जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास कागदावर आहे. तो मी इतिहास म्हणून कधी वाचला नव्हता, एवढंच.

पहिलं पान बघा. घरात अकरा माणसं. शाळू शेतातला, वर्षाची दोन पोती भरलेली. तुरडाळ, हरभऱ्याची डाळ, हुलगे, मटकी, चवळी. कारळे, जवस, तीळ. शेंगतेल महिन्याला सहा किलो, गावातल्या घाण्यावरचं. गुळाची ढेप. साखर रेशनवर मिळेल तेवढी. गहू फक्त पाच किलो, आणि पुढे लिहिलंय ‘पाहुण्यांसाठी’. चपाती पाहुण्यांची, भाकरी घरच्यांची, असा तो काळ होता.

मग गहू घरचा कसा झाला? यात आपल्या आवडीपेक्षा देशाचं राजकारण जास्त आहे. साठच्या दशकात धान्याचा तुटवडा इतका होता की अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली जहाजं भरून गहू यायचा. १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडायला सांगितलं. आपल्याकडे उपवासाची सवय होतीच, सासूबाई म्हणायच्या की आमचा एक उपास देशाच्या खात्यावर गेला. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं गेलं. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते आणि स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ मागे उभे होते. १९६५ मध्ये स्थापन झालेलं अन्न महामंडळ तो गहू विकत घेऊन रेशनवर पाठवू लागलं. या गव्हाने भूक भागवली, त्याला नावं ठेवणारी मी नव्हे. पण ज्वारीला असा आधार मिळाला नाही. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त, मग भाकरी थापायचे कष्ट कोण घेणार?

त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा माहेरी, शाळेत होते. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी लाल आणि घशाखाली न उतरणारी. माझ्या वयाच्या कितीतरी जणींच्या मनात ज्वारी आणि गरिबी यांची गाठ त्या वर्षी बसली, असं मला वाटतं. आमच्या वहीत १९८५ पर्यंत गहू महिन्याला वीस किलोवर गेला आणि शाळू ‘उन्हाळ्यापुरता’ झाला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. तेव्हा दुकानात ज्वारीचे पोहे चकचकीत पाकिटात आले. भाव बघून मला सासूबाईंची आठवण आली.

आता तेला-तुपाचं पान. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण इथली चूक माझी आहे.

वनस्पती तूप हा आपला जुना पदार्थ नाही. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची युक्ती विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, १९०२ सालची. निकेल धातूच्या सान्निध्यात तेल गोठतं आणि तुपासारखं रवाळ दिसतं. आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला, पिवळ्या डब्यावर झाडाचं चित्र असलेला. तुपाच्या मानाने किती तरी स्वस्त. गांधीजींचा त्याला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी म्हणून पुष्कळ वाद झाले, पण बंदी आली नाही. सरकारने एक युक्ती मात्र केली. वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. का, तर कुणी ते साजूक तुपात मिसळलं तर आम्ल आणि साखर घालून तपासल्यावर तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि चोरी पकडली जाते. आपल्या तिळाला असंही पहारेकऱ्याचं काम करावं लागलं!

१९८२ मध्ये मी लग्न होऊन आले. नव्या सुनेला काटकसर दाखवायची हौस असते. मी पहिल्याच दिवाळीत शंकरपाळ्यांना वनस्पतीचा डबा आणवला आणि वहीत किती रुपये वाचले ते लिहिलं. पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, वनस्पतीत परदेशातून आणलेली गुरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण पेटलं. वर्तमानपत्रं भरून आली, संसदेत गदारोळ झाला, सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. डबा उचलून बाहेर नेला, फडताळ धुतलं, तीन दिवस एकाशन केलं. मला फार अपराधी वाटलं. पण खरं सांगते, मनात हेही आलं की हे जरा अतीच आहे.

त्या थकल्यावर स्वयंपाकघर पूर्ण माझ्या हाती आलं. १९८८ च्या पानावर वनस्पती परत आहे, माझ्या अक्षरात. आता तपासणी कडक आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कटान यांनी दाखवून दिलं की अशा गोठवलेल्या तेलातली ट्रान्स चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. ही बातमी माझ्या फडताळापर्यंत यायला वीस वर्षं लागली. आपल्या देशात या चरबीची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली, १ जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के. सासूबाईंनी डबा बाहेर काढला तो अहिंसेसाठी, हृदयासाठी नव्हे. पण डबा त्यांनी काढला आणि आत आणला मी.

कॉमर्सची सवय म्हणून दरडोई हिशोब मांडला. १९६६ मध्ये अकरा माणसांना सहा किलो तेल, म्हणजे माणशी रोज साधारण १८ ग्रॅम. १९९४ मध्ये पाच माणसांना पाच किलो रिफाइंड आणि दोन किलो वनस्पती, म्हणजे माणशी रोज ४६ ग्रॅमच्या वर. अडीचपट! त्याच वर्षी पामतेलाची आयात खुली झाली होती आणि तेल स्वस्त होत चाललं होतं. सासूबाईंच्या काळी तेल महाग म्हणून पळीने मोजायचं, माझ्या काळी स्वस्त म्हणून कढईत ओतायचं. ह्यांच्या रिपोर्टला वय आणि घराणं यांचाही वाटा आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलं. तरी ते ४६ मला दोन रात्री झोपू देईना. ह्यांना वही दाखवली तर म्हणाले, “शंकरपाळ्या मीच मागायचो ना?”

गुळाबद्दलही एक भ्रम गेला. साखर सोडून गूळ धरला की झालं, असं मी मैत्रिणींना सांगत आले. काठावर साखर असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. जुन्या घरात गूळ चालला, कारण माणसं शेतात राबत होती.

पुडा वाचायला मात्र मला वहीने शिकवलं नाही. ते काम दुसऱ्या बायकांनी करून ठेवलेलं आहे. १९६६ मध्येच मुंबईत नऊ महिलांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. भेसळ कशी ओळखावी, वजन कसं तपासावं हे त्या घरोघरी सांगत. त्या संस्थेत पुढे डॉ. कमला सोहोनी होत्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला तेव्हा या हटून बसल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांचं संशोधन कडधान्यांतल्या प्रथिनांवर आणि नीरेवर. एवढी मोठी बाई संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात साध्या गृहिणींसाठी लिहायची. आणि १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं, हातात लाटणी घेऊन. शाळेच्या पुस्तकात हे कुठे होतं?

कायदेही हळूहळू आले. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. शाकाहारी-मांसाहारी खूण २००१ ची. पोषणमूल्यांचा तक्ता २००९ पासून सक्तीचा. आता सगळं २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली चालतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, ही एक गोष्ट मला कळली आणि अर्धा पुडा उलगडला. ‘आटा बिस्किटा’च्या पुड्यावर पहिला घटक रिफाइंड गव्हाचं पीठ, म्हणजे मैदाच, दुसरी साखर, तिसरं पामतेल. ‘साखर घातलेली नाही’ म्हणणाऱ्या पुड्यात माल्टोडेक्स्ट्रिन.

आपल्यासाठी एक सावधगिरी. हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त होतो, पण त्या नियमात दुधाबरोबर मध, मेणमाशीचं मेण आणि लाखेचा लेप यांनाही हिरवा ठिपका चालतो. कंदमुळांशी तर त्या ठिपक्याचा संबंधच नाही. कांदा-लसूण पावडर, बटाट्याचा स्टार्च मसाल्याच्या पुड्यात असतात आणि वर हिरवा ठिपका असतो. म्हणून ठिपक्यावर न थांबता बारीक अक्षर वाचायचं, चष्मा लावून.

‘बेस्ट बिफोर’ची तारीख मात्र आपल्याला नवी नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे आपल्या आज्या तोंडपाठ सांगायच्या. महाराजांचा चौका लावला की आजही जात्यावरचं ताजं पीठ लागतं. मी मात्र गिरणीतून महिन्याचं पीठ दळून आणत होते.

तर मैत्रिणींनो, सध्या आमच्या घरात चार माणसं आहेत आणि यादी अशी झाली आहे. शाळू आठ किलो, दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा दळून. गहू पाच किलो. हातसडीचा तांदूळ थोडाच. हुलगे, मटकी, चवळी, मूग मिळून चार किलो, मोड न आणता भिजवून शिजवलेले. जवस आणि कारळे चटणीला. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणून लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. घाण्याचं शेंगतेल अडीच किलो, म्हणजे रोज माणशी २१ ग्रॅमच्या आसपास. अजून १८ वर आले नाही. खर्च किती वाढला तेही सांगते, कारण आपल्यात ते कुणी सांगत नाही. तेल-धान्य महाग पडलं, पण बिस्किटं, खारी, फरसाण आणि सरबताच्या बाटल्या गेल्या, त्यामुळे बिल जवळपास तेवढंच राहिलं.

बाईंचा कागदही नव्याने करून घेतला. त्यांना बसून सगळं सांगितलं, काय खात नाही आणि का. त्या चिडल्या नाहीत, लिहून घेतलं. सूर्यास्तापूर्वीचं जेवण तसंच ठेवा म्हणाल्या.

वहीची शेवटची बारा पानं उरली आहेत. सूनबाई म्हणाली, “आई, मी मोबाइलमध्ये लिहीन.” मी म्हटलं, बारा पानं संपेपर्यंत इथे लिही. या महिन्याची यादी तिच्या अक्षरात आहे. तेलापुढे तिने २.५ लिहून खोडलं आणि २.२५ केलं. ह्यांची रक्ताची तपासणी पर्युषणानंतर आहे.