शपथ नाकारणाऱ्यांच्या गावातील खून

सन १५६९. हॉलंडमधील आस्पेरेन गावी तळ्यांवर अजून बर्फ होते. कैदेतून निसटलेला डर्क विलेम्स पातळ बर्फावरून धावत पलीकडच्या काठाला पोहोचला. त्याच्या पाठीवर असलेला शिपाई मात्र बर्फ फुटून पाण्यात गेला. डर्क मागे फिरला आणि त्याने त्या शिपायाला ओढून वर काढले. आता ह्याला जाऊ द्यावे, असे शिपायाच्या मनात आले; परंतु नगराध्यक्षाने काठावरून त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. डर्क पुन्हा पकडला गेला आणि १६ मे रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याचा अपराध एवढाच, की त्याने प्रौढ वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता आणि आपल्या घरी इतरांनाही तो घेऊ दिला होता.

तो प्रदेश तेव्हा स्पेनचा कॅथोलिक राजा दुसरा फिलिप याच्या अमलाखाली होता. आपण कॅथोलिकांनी ही कथा मान खाली घालूनच वाचावयाची आहे. १६६० साली प्रसिद्ध झालेल्या हुतात्म्यांच्या एका डच चरित्रग्रंथात ती आली. १६८५ च्या आवृत्तीत यान लाउकेन याने कोरलेले चित्र तिला लाभले, आणि अमेरिकेतील आमिश कुटुंबांत तो ग्रंथ आजही जपला जातो.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयावर वाढलेल्या वाचकाला ह्या कथेत सारा ओळखीचा सरंजाम दिसेल: कैदी, सुटका, पाठलाग, अटक. मात्र पळणाराच मागे फिरल्याने सगळी मांडणी उलटी होते. गेल्या चार दशकांत अमेरिकेत आमिश खेड्यांत घडणाऱ्या गुन्हेगारी कादंबऱ्यांचे एक स्वतंत्र दालनच उभे राहिले आहे. त्या वाचताना मला वारंवार हा बर्फावरचा प्रसंग आठवतो. रहस्यकथेला पोलीस लागतो, साक्षीदार लागतो, न्यायालय लागते. आमिश माणूस ह्या तिन्हींपासून शक्यतो चार हात दूर राहतो. मग लेखकाने कथा चालवायची कशी?

ह्या अडचणीचे मूळ फार जुने आहे. जानेवारी १५२५ मध्ये झुरिच येथे काही तरुणांनी एकमेकांना प्रौढ बाप्तिस्मा दिला. दोनच वर्षांनी त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला त्याच शहराच्या प्रॉटेस्टंट नगरसभेने नदीत बुडवून मारले. फेब्रुवारी १५२७ मध्ये श्लाइटहाइम या स्विस गावी ह्या पंथाची माणसे जमली आणि त्यांनी सात कलमे ठरविली. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाची आहेत. ख्रिस्ताच्या अनुयायाने तलवार धरू नये. त्याने शपथ वाहू नये. आणि जो पाप करून वळत नाही त्याला मंडळीबाहेर ठेवावे. ही कलमे लिहिणारा बहुधा मिखाएल झाटलर होता. तो पूर्वाश्रमीचा बेनेडिक्टाइन मठातील प्रायर! त्याच वर्षी मे महिन्यात कॅथोलिक सत्तेने त्याला रोटेनबुर्ग येथे जाळले आणि त्याच्या पत्नीला बुडविले. व्हॅटिकन आणि मेनोनाइट मंडळ्या यांच्यात १९९८ ते २००३ या काळात जो संवाद झाला, त्यात ह्या जखमांची उघड चर्चा झाली. त्यासाठी पावणेपाचशे वर्षे जावी लागली.

१६९३ मध्ये याकोब अम्मान याने बहिष्काराचा नियम अधिक कडक करावा असा आग्रह धरला. त्यातून जी फूट पडली तिच्यातून आमिश पंथ निघाला. अठराव्या शतकात ही मंडळी पेनसिल्व्हेनियात येऊन स्थिरावली. १७५७ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री याकोब होखस्टेटलर याच्या घरावर फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या मूलनिवासी टोळीने हल्ला केला. घरात शिकारीच्या बंदुका होत्या आणि त्याचे मुलगे नेमबाज होते. बापाने त्यांना बंदूक उचलू दिली नाही. त्याची पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी मारली गेली. तो स्वतः आणि उरलेले दोन मुलगे कैद झाले. आजच्या हजारो आमिश कुटुंबांचा वंश ह्या माणसापर्यंत पोहोचतो.

आता कादंबऱ्यांकडे वळू. त्यांना वाट करून दिली ती एका चित्रपटाने. पीटर वेअर दिग्दर्शित 'विटनेस' (१९८५) मध्ये एक आमिश मुलगा फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्थानकावर खून पाहतो आणि त्याच्या रक्षणासाठी शहरी पोलीस अधिकारी त्यांच्या शेतावर लपून राहतो. ह्या चित्रपटाला पटकथेचे ऑस्कर मिळाले. त्याच्या अखेरीस घंटा वाजते, शेजारीपाजारी नि:शस्त्र धावून येतात, आणि एवढ्या डोळ्यांसमोर गुन्हेगाराचे हात गळतात. शपथ न घेता दिलेली साक्ष ती हीच, असे मला वाटते.

पी. एल. गॉस हे ओहायोतील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. त्यांची 'ब्लड ऑफ द प्रॉडिगल' ही कादंबरी १९९९ साली आली. तिच्यात एका आमिश बिशपचा नातू नाहीसा होतो, आणि संशय जातो तो बिशपनेच वाळीत टाकलेल्या स्वतःच्या मुलावर. बिशप पोलिसांकडे जात नाही. तो एका प्राध्यापकाला आणि एका पाळकाला गुपचूप गाठतो. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त येथे उलटा उभा आहे: बापानेच दार लावून घेतले आहे आणि आता त्याच दारातून त्याला बाहेर पडावे लागते. गॉस यांची भाषा साधी आहे, क्वचित रटाळही. पण त्या म्हाताऱ्या बिशपला त्यांनी कोठेही खलपुरुष केले नाही.

जोडी पिकोल्ट यांची 'प्लेन ट्रूथ' (२०००) अधिक खपली. लँकेस्टरच्या एका गोठ्यात नवजात बालकाचा मृतदेह सापडतो आणि अठरा वर्षांच्या केटीवर आरोप येतो. शहरी वकील एली तिच्या घरी राहायला येते. एलीला हवा असतो बचाव. केटीच्या समाजाला हवी असते कबुली. आमिश मंडळीत अपराधी सर्वांसमोर गुडघे टेकून पाप सांगतो, ठरलेल्या काळापुरता वेगळा राहतो, आणि मग त्याला पुन्हा सामावून घेतले जाते. एकदा क्षमा झाली, की त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करू नये असा संकेत आहे. आपल्या पापनिवेदनात मौनाचे बंधन धर्मगुरूवर असते. तेथे ते साऱ्या मंडळीवर पडते, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावरही.

लिंडा कॅस्टिलो यांनी नेमके हेच दुखणे हेरले. त्यांच्या 'स्वॉर्न टू सायलेन्स' (२००९) ची नायिका केट बर्कहोल्डर जन्माने आमिश, आता ओहायोतील एका काल्पनिक गावाची पोलीस प्रमुख आहे. चौदाव्या वर्षी तिच्यावर अत्याचार झाला आणि तिने वडिलांच्या बंदुकीने त्या माणसावर गोळी झाडली. घरच्यांनी ते कायमचे झाकून टाकले. सोळा वर्षांनी गावात पुन्हा तशीच प्रेते सापडू लागतात. शीर्षकाचा अर्थ 'मौनाची शपथ'. ज्यांनी १५२७ पासून कोणतीही शपथ घेतली नाही, त्यांच्यावरील कादंबरीचे हे नाव! लेखिकेचे वर्णन कधीकधी नको इतके रक्ताळलेले होते. परंतु तिचा प्रश्न खोटा नाही. अलीकडच्या वर्षांत आमिश स्त्रियांनी बालपणीच्या अत्याचारांविषयी बोलायला सुरुवात केली आहे आणि काही प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली आहेत. ह्यावर आपण बोट दाखवावे अशी आपली स्थिती नाही. बोस्टनमध्ये २००२ साली जे उघड झाले त्यानंतर क्षमा आणि लपवाछपवी यांतला भेद आपल्या ख्रिस्तसभेलाही फार महाग किंमत देऊन शिकावा लागला.

तरीही त्या समाजाची क्षमा म्हणजे केवळ झाकण, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९५७ मध्ये ओहायोत एका तरुण आमिश शेतकऱ्याचा त्याच्या घरातच खून झाला. खुन्याला देहदंड ठोठावला गेला. तेव्हा आमिशांनी गव्हर्नरकडे दयेची पत्रे पाठविली आणि १९५८ साली देहदंड टळला. खटला झाला, दोष सिद्ध झाला, सर्व काही उजेडात आले होते; त्यांनी मागितला तो फक्त एक जीव.

२ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर काउंटीतील निकल माइन्स येथील एका खोलीच्या शाळेत दुधाच्या टँकरचा एक चालक शिरला. त्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःलाही संपविले. पाच मुली गेल्या. येथे खुनी कोण हे पहिल्या तासातच सर्वांना ठाऊक होते. रहस्यकथेचे शेवटचे पान आधीच उघडले होते. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या कुटुंबाच्या दारी गेले आणि पुढे त्याच्या अंत्यविधीलाही उभे राहिले. दहा दिवसांनी शाळेची इमारत पाडून जागा सपाट करण्यात आली. ह्या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले. पण त्यातली एक गोष्ट कोणत्याही कादंबरीकाराने रचली असती तर संपादकाने ती अविश्वसनीय म्हणून खोडली असती: वाचलेल्या मुलींपैकी एक कायमची परावलंबी झाली, आणि हल्लेखोराची आई पुढे कित्येक वर्षे आठवड्यातून एका संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तिची शुश्रूषा करीत असे.