अलिबागमधील पर्यटन

अलिबाग हे महाराष्ट्र राज्यातील रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेले, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील ऐतिहासिक शहर आहे. मुंबईकरांच्या सुट्टीचे व शनिवार-रविवारच्या सहलीचे हे एक जुने ठिकाण होय. मुंबई बंदराच्या दक्षिणेस वसलेले हे शहर समुद्रमार्गे मुंबईला अगदी जवळ आहे. रस्त्याने मात्र धरमतरच्या खाडीला वळसा घालून पेण-वडखळमार्गे सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. समुद्राने जवळ आणि जमिनीने लांब अशा या स्थानामुळे अलिबागच्या इतिहासाला व पर्यटनाला विशिष्ट वळण मिळाले आहे.

नाव

शहराच्या नावाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. अली नावाच्या एका धनिकाने येथे विहिरी खोदून बागा लावल्या आणि ‘अलीची बाग’ यावरून अलिबाग हे नाव रूढ झाले. हा अली मुसलमान होता असे काही मानतात, तर तो बेने इस्रायली समाजाचा होता असे इतर काही मानतात. अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे, तो पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९८१ साली त्याचे नाव रायगड असे झाले. मुंबईतील कुलाबा हा भाग यापेक्षा वेगळा आहे.

इतिहास

अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रातील खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० साली, म्हणजे आपल्या अखेरच्या काळात, त्याच्या बांधकामास प्रारंभ केला. पुढे छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाले. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी हा किल्ला आपले प्रमुख ठाणे केले. मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवता येत असल्याने इंग्रजांना हे ठाणे सतत सलत असे. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. ती अयशस्वी ठरली. कान्होजींचे १७२९ साली निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. किनाऱ्यावरील हिराकोट हा लहान किल्लाही कान्होजींच्या काळातील असून नंतरच्या काळात त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला.

कान्होजींच्या पश्चात त्यांच्या पुत्रांमध्ये कलह झाला व आंग्र्यांची सत्ता कुलाबा आणि सुवर्णदुर्ग अशा दोन ठाण्यांत विभागली गेली. कुलाब्याची गादी निर्वंश झाल्याचे कारण देऊन ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली हे संस्थान खालसा केले.

विसाव्या शतकात अलिबाग तालुक्यातील चरी हे गाव शेतकऱ्यांच्या संपामुळे प्रसिद्धीस आले. खोतांकडून होणाऱ्या पिळवणुकीविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे जमिनी कसण्यास नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्यास पाठिंबा दिला. कुळांना संरक्षण देणाऱ्या पुढील कायद्यांच्या इतिहासात या संपाचा आवर्जून उल्लेख केला जातो.

चुंबकीय वेधशाळा

मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे संवेदनशील उपकरणांच्या नोंदी बिघडणार होत्या. त्यामुळे तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने हे काम अलिबागला हलवण्यात आले आणि १९०४ साली येथील वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीसाठी लोहाचा अंश नसलेले साहित्य जाणीवपूर्वक निवडले गेले. जुन्या व नव्या ठिकाणच्या नोंदींची सांगड घालता यावी, यासाठी दोन्हीकडे काही काळ एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. म्हणूनच कुलाबा-अलिबाग ही नोंदींची मालिका जगातील दीर्घ मालिकांपैकी एक मानली जाते. ही वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. मुंबईच्या गजबजाटापासून दूर, तरी मुंबईच्या आवाक्यात, ही अलिबागची सोय सहलीला येणाऱ्यांच्या आधी शास्त्रज्ञांनी अशी उपयोगात आणली होती.

बेने इस्रायली समाज

बेने इस्रायली या मराठी भाषक यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि वाचलेली मोजकी माणसे कोकणात स्थायिक झाली. तेलाचे घाणे चालवणारी व शनिवारी काम बंद ठेवणारी ही मंडळी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जात. समाजातील बहुसंख्य कुटुंबे पुढे मुंबईस व नंतर इस्रायलला गेली. शहरातील इस्रायल आळी व तेथील मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर त्यांच्या वास्तव्याची साक्ष देतात. पूर्वजांचे गाव पाहण्यासाठी इस्रायलहून येणारे पाहुणे हाही अलिबागच्या पर्यटनाचा एक भाग आहे.

प्रेक्षणीय स्थळे

कुलाबा किल्ला हे शहरातील प्रमुख आकर्षण आहे. भरतीच्या वेळी तो पाण्याने वेढला जातो आणि ओहोटीच्या वेळी चालत जाण्याजोगा होतो. तटाच्या बांधकामात मोठे चिरे चुन्याविना एकमेकांवर रचलेले दिसतात. लाटांचे पाणी फटींत शिरून त्यांचा जोर कमी व्हावा, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते. किल्ल्यात आंग्रेकालीन गणपतीचे मंदिर, पुष्करणी, गोड्या पाण्याची विहीर, दर्गा व चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी मिळणे हे या ठाण्याच्या टिकावाचे एक महत्त्वाचे कारण होते.

थळच्या समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी ही दुर्गबेटे आहेत. खांदेरीची तटबंदी शिवाजी महाराजांनी १६७९ साली सुरू केली. तिला शह देण्यासाठी जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकट केली. २०२५ साली ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे.

शहराच्या दक्षिणेस असलेल्या आक्षी येथे शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ मधील मानला जाणारा शिलालेख सापडला. काही अभ्यासक त्यास ज्ञात मराठी शिलालेखांतील सर्वांत जुना मानतात. त्याच्या काळाबद्दल मतभेदही आहेत. आक्षीच्या पुढे नागाव, चौल व रेवदंडा ही गावे लागतात. चौल हे प्राचीन बंदर होते. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितीन येथेच भारताच्या भूमीवर उतरला. रेवदंड्यास पोर्तुगीज कोटाचे अवशेष आहेत, तर खाडीपलीकडील कोर्लई गावात आजही पोर्तुगीज-मिश्रित बोली बोलली जाते.

उत्तरेकडे वरसोली, थळ, किहीम, आवास व सासवणे हे किनारे आहेत. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या घरटी बांधण्याच्या सवयींचा अभ्यास केला. सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे गाव असून तेथील त्यांच्या घरी शिल्पसंग्रहालय आहे. मापगावजवळच्या डोंगरावरील कनकेश्वर मंदिरास दगडी पायऱ्यांनी चढून जावे लागते.

भरती-ओहोटी व सुरक्षितता

कुलाबा किल्ल्यास भेट देताना घड्याळाइतकेच पंचांगही उपयोगी पडते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक पारंपरिक ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ तासांत मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला ही वेळ तीनच्या सुमारास, तर अष्टमीला सहाच्या सुमारास येते. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते आणि या वेळा दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतात.

अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. त्या दिवसांत पाणी खूप चढते व तितकेच खाली ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सहलीस सोयीच्या वेळी येत असली, तरी किल्ल्याच्या वाटेवरचे पाणी पुरेसे ओसरतेच असे नाही. ठोकताळा केवळ अंदाजासाठी असतो. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहणे व स्थानिकांना विचारणे आवश्यक असते. ओहोटी पूर्ण होण्याच्या थोडे आधी निघून पाणी वळताच परतणे हा स्थानिक शिरस्ता आहे. परतीची वेळ चुकल्यास पाणी उतरेपर्यंत किल्ल्यातच थांबणे वा होडीने येणे सुरक्षित असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने पाण्यात उतरणे धोक्याचे असते.

प्रवास

मुंबईतील गेटवे ऑफ इंडिया येथून मांडव्याला प्रवासी बोटी जातात. हा प्रवास साधारण तासाभराचा आहे. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटरवर आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी, वाहनेही नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गेटवेवरील बोटी पावसाळ्यात बंद असतात. रेल्वेने येणाऱ्यांना पेण हे स्थानक सोयीचे असून तेथून पुढे रस्त्याने यावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेल्या अटल सेतूमुळे दक्षिण मुंबईहून येणाऱ्यांचा रस्त्याचा प्रवासही कमी वेळात होऊ लागला.

शेती व खाद्यसंस्कृती

किनाऱ्यालगतच्या वाड्यांत नारळ व सुपारी, तर आतील भागात भात ही मुख्य पिके आहेत. भाताच्या कापणीनंतर काही गावांत पांढरा कांदा लावला जातो. सौम्य, गोडसर चवीच्या या कांद्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पातीसह वेणीसारख्या गुंफलेल्या त्याच्या माळा उन्हाळ्याच्या तोंडी रस्त्याकडेला विक्रीस असतात. शेततळ्यांत वाढवलेला जिताडा मासा ही येथील खासियत आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासह भरून, मडके उपडे घालून जाळात भाजतात. हा पदार्थ पोपटी या नावाने ओळखला जातो.

पर्यटनाचे परिणाम

पर्यटनामुळे घरगुती खानावळी, निवासव्यवस्था, वाहतूक व फळविक्री यांतून स्थानिकांना उत्पन्न मिळते. दुसरीकडे, प्रवास सुलभ होत गेला तसतशी शेतजमिनींना मागणी वाढली व अनेक ठिकाणी भातखाचरांच्या जागी बंगले उभे राहिले. भात व पांढरा कांदा ही पिके एकाच शेतात एकामागून एक घेतली जात असल्याने जमीन विकली गेल्यास दोन्ही पिके जातात. ज्या तालुक्यात कुळांनी जमिनीच्या हक्कासाठी सहा वर्षे संप केला, तेथे या बदलास विशेष अर्थ आहे. किनारा नियमन क्षेत्रातील बांधकामे हाही वादाचा विषय असून, २०१९ साली किहीम येथील एक बेकायदा बंगला प्रशासनाने स्फोटकांच्या साहाय्याने पाडला. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी झाली. नव्याने लावलेली झाडे उत्पन्न देऊ लागण्यास काही वर्षे लागत असल्याने वादळानंतर अनेक बागायतदारांचे उत्पन्न दीर्घकाळ घटले.

लोकव्यवहारात

भोळ्या वा अनभिज्ञ माणसास उद्देशून ‘अलिबागहून आला आहेस का?’ असे म्हणण्याची प्रथा मुंबईत व हिंदी चित्रपटांत रूढ आहे. हा वाक्प्रयोग अलिबागकरांचा अवमान करणारा असल्याने त्यास बंदी घालावी, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. मुंबई बंदरावर नजर ठेवणारे कान्होजींचे ठाणे, मुंबईतून हलवलेली वेधशाळा आणि दर शनिवारी मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारी गर्दी पाहता, अलिबागहून मुंबईस जाण्याइतकाच मुंबईहून अलिबागला येण्याचा इतिहासही जुना असल्याचे दिसते.