आराध्याच्या गळ्यातली कवडी

परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारेकशे किलोमीटर लांब. तरीही इथल्या आराध्यांच्या गळ्यात समुद्री गोगलगाय असते. नवरात्रात परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या बाईची कवड्यांची माळ म्हणजे शेवाळ खाऊन जगणाऱ्या, दोन-अडीच सेंटिमीटरच्या गोगलगायींची रिकामी घरं.

कवडीची चकाकी कुणा कारागिराची नव्हे. जिवंतपणी ही गोगलगाय आपल्या मऊ अंगाचा पदर दोन्ही बाजूंनी शंखावर ओढून घेते आणि त्यावर थर चढवत राहते. लहानपणी तिचा शंख पातळ, पीळदार असतो. वयात आली की त्याची कड आत वळते, दात उमटतात आणि लांबी वाढायची थांबते. एके काळी ही कवडी नाणं म्हणून चालायची. नाण्याला आणखी काय हवं? गंजत नाही, सहजी फुटत नाही, खोटी पाडणं तर टांकसाळीलाही जमायचं नाही.

ही ‘टांकसाळ’ होती मालदीवच्या उथळ पाण्यात. चौदाव्या शतकात तिथे काझी राहिलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय, की कवड्या गोळा करून खड्ड्यात पुरायच्या, मांस सडून गेलं की उरलेल्या शंखांच्या बदल्यात बंगालचा तांदूळ घ्यायचा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) कवडी थेट कोष्टकातच बसली आहे: २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. मोजणाऱ्याची दया येते!

ओडिशात तर सारासुद्धा कवड्यांत भरत; इंग्रजांनी तो रुप्यात मागायला सुरुवात केली. १८१७च्या पाइकांच्या, म्हणजे तिथल्या पायदळी शिपायांच्या, बंडामागच्या कारणांत ही सक्तीही होती. पुढे बाजारातून कवडी उठली आणि भाषेत तिची ‘फुटकी कवडी’ झाली. सारीपाटावर मात्र फासे म्हणून टिकली. किती उताण्या पडल्या यावर दान ठरायचं.

देवीकडे मात्र तिची पत उतरली नाही. तुळजाभवानीच्या आराध्याची, भुत्याची ओळखच कवड्यांच्या माळेवरून पटते. मोल गेल्यामुळेच ती गरिबाच्या गळ्यात राहू शकली, असं मला वाटतं. सोन्याची असती तर सावकाराकडे गेली असती. आता तुळजापुरात देवळाजवळच्या दुकानांतून ही माळ मिळते, रुपये मोजून.