गार्डनमधील गर्दी : न्यूयॉर्कच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा प्रेक्षकवर्ग, त्याचा उदय आणि ऱ्हास

लोक एखादा खेळ पाहावयास का जमतात आणि काही वर्षांनी तेच लोक का जमेनासे होतात, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा इतका गंभीर आहे, असे सहसा मानले जात नाही. परंतु गर्दी हीदेखील एक सामाजिक संस्थाच होय. ती आपोआप जमत नाही आणि आपोआप पांगतही नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. १९३४ ते १९५१ या सतरा वर्षांत न्यूयॉर्क शहर या खेळाची राजधानी होते; त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत ते स्थान त्याच्या हातून गेले. या ऱ्हासाचे कारण विचारले असता १९५१ च्या लाचप्रकरणाकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. खेळाडूंनी पैसे खाल्ले, लोकांचा विश्वास उडाला, गर्दी ओसरली, अशी ही सरळ उपपत्ती. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. कारण त्याच प्रकरणात केंटकी विद्यापीठाचे खेळाडूही सापडले आणि केंटकीतील गर्दी मात्र तसूभरही हटली नाही. एकाच दोषाची दोन ठिकाणी दोन विपरीत फळे का निघाली, याचा उलगडा केल्यावाचून प्रेक्षकवर्गाच्या चढउताराची मीमांसा पुरी होत नाही.

बास्केटबॉल हा खेळ जन्माने व्यायामशाळेतला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकवर्गासाठी असलेल्या विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी तो रचला, तो हिवाळ्यात मुलांना छपराखाली व्यायाम मिळावा म्हणून. पुढे महाविद्यालयांनी तो उचलला, तेव्हाही तो त्यांच्या लहानशा व्यायामशाळांतच खेळला जाई. भिंतीला लागून चार बाके टाकली की प्रेक्षकांची सोय झाली. पाहावयास येणारे बहुतेक त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी असत, आणि उरलेले त्यांचे शेजारी.

हे चित्र बदलले ते आर्थिक मंदीने. १९३१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कचे महापौर जिमी वॉकर यांच्या पुढाकाराने, बेकारांच्या मदतनिधीसाठी, मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात एकाच रात्री महाविद्यालयांचे तीन सामने भरविण्यात आले. सुमारे सोळा हजार लोक आले. एवढे लोक या खेळासाठी तिकीट काढतील, अशी तोपर्यंत कोणाची कल्पना नव्हती. धर्मादायासाठी केलेल्या या प्रयोगात धंद्याचे बीज आहे हे ज्याने ओळखले, तो नेड आयरिश नावाचा एक तरुण क्रीडावार्ताहर होता. एका महाविद्यालयाच्या खच्चून भरलेल्या व्यायामशाळेत खिडकीतून शिरताना त्याची विजार फाटली आणि त्याच वेळी त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे मोल तेवढेच धरावे. खरे महत्त्व आहे ते त्याने पुढे केलेल्या योजनेला. २९ डिसेंबर १९३४ रोजी त्याने गार्डनमध्ये पहिले जोडसामने भरविले : न्यूयॉर्क विद्यापीठ विरुद्ध नोत्र दाम, आणि सेंट जॉन्स विरुद्ध वेस्टमिन्स्टर. पुन्हा सोळा हजारांहून अधिक प्रेक्षक. एका तिकिटात दोन सामने. प्रत्येक सामन्यात एक संघ शहरातला आणि दुसरा दूरदेशीचा. स्थानिक अभिमान आणि परक्याविषयीचे कुतूहल या दोन्ही भावनांना त्याने एकाच वेळी तिकीट लावले.

येथे सभागृहाच्या नावाविषयी दोन शब्द अप्रस्तुत होणार नाहीत. १९२५ ते १९६८ पर्यंत उभ्या असलेल्या या वास्तूजवळ ना मॅडिसन चौक होता, ना बाग. मूळ जागा सोडून ती आठव्या अव्हेन्यूवर कधीच गेली होती. नाव मात्र मागून चालत आले. महाविद्यालयीन बास्केटबॉलचेही पुढे असेच झाले. नाव महाविद्यालयाचे राहिले आणि वस्तू स्थलांतरित झाली.

गार्डनच्या गर्दीने खेळाचे भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. देशाच्या एका टोकाचा खेळ दुसऱ्या टोकास माहीत नसे; तो व्यवहार गार्डनने सुरू केला. ३० डिसेंबर १९३६ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हँक लुइसेटीने तेथे एका हाताने, उडी घेत चेंडू टाकून दाखविला आणि सलग ४३ सामने जिंकलेल्या लाँग आयलंड विद्यापीठाचा ४५–३१ असा पराभव केला. दोन्ही हातांनी चेंडू टाकणे हेच शास्त्रशुद्ध मानणाऱ्या पूर्वेकडील शिक्षकांना हा धक्काच होता. पण पाहणारे सतरा हजारांहून अधिक होते आणि त्यांच्या डोळ्यांना ते आवडले. १९३७–३८ च्या हंगामापासून प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी आणून उडवण्याचा नियम रद्द झाला, तेव्हा खेळाला अखंड वेग आला. १९३८ साली शहरातील क्रीडालेखकांच्या संघटनेने ‘नॅशनल इन्व्हिटेशन’ ही निमंत्रितांची स्पर्धा गार्डनमध्ये सुरू केली. पुढच्याच वर्षी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला अंतिम सामना इलिनॉयमधील एव्हान्स्टन येथे झाला आणि तिच्यात आयोजक प्रशिक्षकसंघाला २,५३१ डॉलरांची खोट आली. १९४३ पासून ओळीने सहा वर्षे राष्ट्रीय स्पर्धेचाही अंतिम सामना गार्डनमध्येच भरत गेला, यावरून गल्ला कोठे होता ते कळते.

या गर्दीत कोण होते? इंग्रजीतील ‘फॅन’ हा शब्द ‘फॅनॅटिक’ या शब्दाचा संक्षेप होय, असे बहुतेक कोशकार मानतात, आणि त्याच्या मुळाशी देवालयवाचक लॅटिन शब्द आहे. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिल्यास फॅन हा भक्त ठरतो. मराठीत बघ्या, प्रेक्षक, शौकीन आणि चाहता असे निरनिराळे शब्द आहेत, आणि गार्डनमधील समूहाचे वर्णन करताना इंग्रजीपेक्षा तेच अधिक उपयोगी पडतात. कारण तेथे भक्त होते, पण त्यांच्या शेजारी बसलेले सगळेच भक्त नव्हते. सिटी कॉलेज हे हार्लेममधील विनाशुल्क महाविद्यालय. गुणांच्या बळावर तेथे प्रवेश मिळे आणि स्थलांतरित कुटुंबांतील, विशेषतः ज्यू कुटुंबांतील, मुले तेथे शिकत. ज्या घरांत आयव्ही लीगच्या विद्यापीठांचे नावही परके वाटे, तेथे या संघाचा विजय हा घरचा विजय होता. हा पहिला वर्ग. दुसरा वर्ग शौकिनांचा. त्याला चांगला खेळ हवा होता, कोणाचाही. तिसरा वर्ग पैजा लावणाऱ्यांचा, आणि चाळिशीच्या दशकात तो सतत वाढत गेला.

या वाढीचे कारण पैजेच्या स्वरूपात आहे. पूर्वी पैज जयपराजयावर असे. बलवान संघ व दुबळा संघ यांच्यातील सामन्यावर ती लावण्यात अर्थ नसे. बुकींनी आता गुणांच्या तफावतीवर पैजा घेण्यास प्रारंभ केला. अमुक संघ जिंकेलच, पण दहाहून अधिक गुणांनी जिंकेल काय, असा प्रश्न आला. त्यामुळे प्रत्येक सामना पैजेला योग्य झाला. याचा परिणाम सभागृहात कानांनी ऐकू येई. निकाल केव्हाच लागलेला असताना शेवटच्या क्षणी पडलेल्या निरर्थक बास्केटवर हजारो लोक ओरडत. ती गर्दी सामना पाहत होती, पण तिचा सामना निराळाच होता.

भ्रष्टतेला वाव मिळाला तो येथेच. पैसे घेणाऱ्या खेळाडूला हरावे लागत नसे. केवळ कमी गुणांनी जिंकावे लागे. या कृत्याला इंग्रजीत जो शब्द रूढ झाला तो ‘शेव्हिंग’, म्हणजे तासणे, वरवर खरवडणे. शब्द सौम्य आहे. विश्वासघात, विक्री, पराभव यांपैकी कशाचीच छटा त्यात नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला ‘सामना विक’ म्हटले असते तर तो कदाचित दचकला असता. ‘थोडे गुण तास’ म्हटल्यावर आपण जिंकतच आहोत असे त्याला स्वतःस समजावता आले. पापाला सोयीचे नाव मिळाले की ते अर्धे पचते.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. कॅन्ससचे प्रसिद्ध प्रशिक्षक फॉग ॲलन यांनी १९४४ सालीच या धोक्याची जाहीर वाच्यता केली होती. १९४५ च्या जानेवारीत ब्रुकलिन कॉलेजचे पाच खेळाडू लाचेच्या आरोपात सापडले आणि त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने कायदा कडक केला. गर्दी मात्र वाढतच राहिली, आणि गर्दी वाढत असताना तिचे परीक्षण करण्याची इच्छा कोणालाच नसते. आयोजकांना नव्हती, तशीच महाविद्यालयांनाही नव्हती.

१९५० च्या मार्चमध्ये नॅट होल्मन यांच्या सिटी कॉलेजच्या संघाने एकाच महिन्यात दोन्ही स्पर्धा जिंकल्या. दोन्ही अंतिम सामने गार्डनमध्ये, दोन्ही ब्रॅडली विद्यापीठाविरुद्ध झाले. वाटेत केंटकीचा ८९–५० असा धुव्वा उडविण्यात आला. पुढच्या वर्षी जानेवारीत मॅनहॅटन कॉलेजचा उंच कृष्णवर्णीय खेळाडू ज्युनियस केलॉग याने हजार डॉलरांची लाच नाकारली आणि ती गोष्ट आपल्या प्रशिक्षकास सांगितली. हा मुलगा दुकानात तासाला ७५ सेंटवर काम करीत होता. १८ फेब्रुवारी १९५१ रोजी फिलाडेल्फियाहून विजयी होऊन परतणाऱ्या सिटी कॉलेजच्या खेळाडूंना न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकावर ताब्यात घेण्यात आले. सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या तपासात अखेर ७ महाविद्यालयांचे ३२ खेळाडू आणि १९४७ ते १९५० मधील ८६ सामने निष्पन्न झाले. लाँग आयलंडचा शेरमन व्हाइट हा त्या हंगामात देशातील सर्वाधिक गुण मिळविणारा खेळाडू होता. तो तुरुंगात गेला आणि व्यावसायिक संघांची दारे त्याला कायमची बंद झाली.

आता फळांची तुलना करावी. लाँग आयलंड विद्यापीठाने १९५७ पर्यंत आंतरमहाविद्यालयीन खेळच बंद ठेवला. सिटी कॉलेजला गार्डनमध्ये खेळण्याची मनाई झाली. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना १९५० नंतर गार्डनमध्ये पुन्हा कधीही झाला नाही. आणि रिकाम्या झालेल्या रात्रींसाठी दुसरा माल तयारच होता. सभागृहांच्या मालकांनी १९४६ साली स्थापन केलेल्या व्यावसायिक संघटनेतील निकरबॉकर्स हा संघ गार्डनचाच, आणि त्याचे सूत्रधार स्वतः आयरिश होते. महाविद्यालयांची गर्दी मोठी होती तोवर या संघाला बरेच सामने एका लष्करी कवायतशाळेत खेळावे लागत. आता त्याला घर मिळाले. ज्या प्रेक्षकाला उत्तम खेळ हवा होता तो व्यावसायिकांकडे वळला. पैज लावणाऱ्यास तर संघाच्या नावाशी कर्तव्यच नव्हते. उरला पहिला वर्ग, आणि त्याला जाण्यास जागा उरली नव्हती. कारण व्यायामशाळेतील बाकांवर बसण्याची त्याची सवय सतरा वर्षांपूर्वीच मोडण्यात आली होती.

केंटकीत काय झाले? लेक्सिंग्टन येथे १९५० च्या डिसेंबरात विद्यापीठाने स्वतःचे मेमोरियल कॉलिझियम बांधून पुरे केले होते. सुमारे साडेअकरा हजारांची ही वास्तू महायुद्धात कामी आलेल्या केंटकीवासीयांचे स्मारक म्हणून उभारण्यात आली. १९५१ च्या ऑक्टोबरात संघाचे माजी नामांकित खेळाडू पकडले गेले. न्यायमूर्ती सॉल स्ट्राइट यांनी विद्यापीठावर आणि प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांच्यावर कठोर ताशेरे ओढले. १९५२–५३ चा संपूर्ण हंगाम विद्यापीठाला खेळण्यास बंदी झाली. त्या वर्षी संघाने आपसांतच जाहीर सरावसामने खेळले, आणि प्रतिस्पर्धी नसलेले ते सामने पाहण्यासही हजारो लोक आले. बंदी उठल्यानंतर संघाने पंचवीसच्या पंचवीस सामने जिंकले. रप १९७२ पर्यंत पदावर राहिले. १९७६ साली त्यांच्याच नावाने बांधलेले तेवीस हजारांचे सभागृह देशातील सर्वांत भरगच्च सभागृहांपैकी एक ठरले.

म्हणजे केंटकीवासीयांची नीतिमत्ता न्यूयॉर्ककरांहून सैल होती काय? असे म्हणण्यास आधार नाही. फरक होता तो नात्यात. लेक्सिंग्टनमध्ये संघ, वास्तू आणि प्रेक्षक एकाच राज्याचे होते. संघाचा अपराध हा घरातल्या मुलाचा अपराध ठरला आणि घरच्या मुलाला माणसे क्षमा करतात. गार्डनमध्ये वास्तू एकाची, संघ दुसऱ्याचा आणि गर्दी तिसऱ्याचीच होती. त्या गर्दीवर विश्वासघाताचा आघात झाला तेव्हा क्षमा करणारे त्या बाकांवर थोडेच होते. अर्थात या आपलेपणाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. लेक्सिंग्टनच्या ‘आपल्या’ संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरण्यास १९७० साल उजाडावे लागले. उलट १९५० च्या सिटी कॉलेजच्या संघात ज्यू आणि कृष्णवर्णीय मुले खांद्याला खांदा लावून खेळत होती. टिकाऊ ठरली ती गर्दी अधिक न्यायी होती असे नव्हे.

दूरचित्रवाणीने गर्दी मारली, अशी आणखी एक समजूत आहे. १९४० च्या फेब्रुवारीत या खेळाचे पहिले प्रक्षेपण झाले ते गार्डनमधूनच, हे खरे. परंतु नॉर्थ कॅरोलायनाचे उदाहरण उलट आहे. १९५७ साली त्या विद्यापीठाने विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तीन वाढीव डावांनंतर ५४–५३ असे हरविले. तो सामना राज्यातील घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिला गेला, आणि तेव्हापासून त्या राज्यात या खेळाचे वेड पसरले, हे सर्वमान्य आहे. विशेष असे की त्या विजयी संघाचे पाचही प्रमुख खेळाडू न्यूयॉर्क व त्याच्या परिसरातून आलेले होते, आणि त्यांना नेणारे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर हे पूर्वी सेंट जॉन्सचे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर घडलेला खेळ नाहीसा झाला नव्हता. तो दक्षिणेकडील लोकांचा झाला होता.

पुढे १९७९ साली ‘बिग ईस्ट’ ही संघटना निघाली आणि १९८३ पासून तिची वार्षिक स्पर्धा गार्डनच्या नव्या वास्तूत भरू लागली, तेव्हा गर्दी परतली. तिच्या केंद्रस्थानी होता सेंट जॉन्सचा संघ आणि त्यात ब्रुकलिनचाच ख्रिस मलिन. परंतु २०२१ नंतर खेळाडूला वर्ष वाया न घालविता विद्यापीठ बदलता येऊ लागले आणि आपल्या नावावर पैसे मिळविता येऊ लागले. खेळाडूच्या दृष्टीने हा न्याय उशिराच मिळाला. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र चार वर्षे ओळखीचा राहणारा चेहरा आता एका हंगामाचा पाहुणा झाला आहे. न्यूयॉर्कच्या क्रीडालेखकांनी १९३८ साली सुरू केलेल्या निमंत्रितांच्या स्पर्धेचा अंतिम सामना २०२३ साली गार्डन सोडून लास वेगासला गेला. एकाच वर्षी दोन्ही स्पर्धा जिंकण्याचा सिटी कॉलेजचा पराक्रम त्यानंतर कोणालाही करता आलेला नाही. ते महाविद्यालय आज तृतीय श्रेणीत, क्रीडाशिष्यवृत्तीवाचून, आपल्याच आवारातील व्यायामशाळेत खेळते.